हंड्याचा पोचा

विश्वास कुणावर ठेवायचा, सांगा बघू, डोळ्यांवर की डिग्रीवर? आमची रेश्मा इथं नाशिकलाच डिजिटल आर्ट शिकते. शेवटच्या प्रोजेक्टला पोरीनं आमच्या भांड्यांच्या दुकानातला तांब्याचा हंडा टॅबवर हातानं रेखाटला. सर म्हणाले, "हे एआयनं काढलंय. नापास!"

मी हंडाच उचलून कॉलेजात नेला. म्हटलं, "सर, हा पोचा बघा. लहानपणी हिनंच हंडा पाडला होता. चित्रातही पोचा तिथंच आहे. मशीनला कुणी सांगितलं?"

सर वरमले, रेश्माला म्हणाले, "बरं, पास करतो. पण पोचा पुसून दे, चित्र सुबक दिसेल. पूर्ण मार्क देईन."

रेश्मा म्हणाली, "मार्क कापा, सर. पोचा राहणार."

काठावर पास झाली. तुम्ही तिच्या मार्कांचा हिशेब मांडाल तेव्हा मात्र खरा मांडा बुवा, ते कापलेले मार्क जमेला धरा.