भाजीवाला न येता सुटलेली टोपली

“भाजीवाला तर आलाच नाही, मग वरून टोपली कुणी सोडली?”

तीस वर्षांपूर्वी नादिराचा भाऊ खिडकीत उभा राहून असं म्हणाला, आणि घटकाभरात पोलीस त्याला घेऊन गेले. तो परतला नाही. त्याचा आवाज मात्र तिच्या कानात पाळण्याच्या दोरीसारखा अजून झुलत होता.

रमजानची संध्याकाळ होती. कैरोतल्या मिठाईवाल्यापुढे कतायफसाठी रांग लागलेली. नादिराच्या पुढेच तेव्हाची वरच्या मजल्यावरची इन्शिराह उभी होती, आता पार म्हातारी झालेली, सुनेचा हात धरून. त्यांचं मागे लक्ष नव्हतं.

“काल मालिका बघताना मधेच का उठलात, आई?”

“डोळे चुरचुरत होते.”

“ती बाई दोरीनं टोपली खाली सोडते, खालचा पोरगा घरात असल्याची पोलिसांना खूण मिळते, नेमक्या तेव्हाच उठलात?”

“काहीतरीच दाखवतात मेले.”

“मालिका जिच्यावरून केलीय ती कादंबरी वाचलीय मी. तिच्यात टोपली नाहीच, फोन आहे. टोपली मालिका लिहिणाऱ्यानं घातली. तो आपल्याच गल्लीतला ना?”

“गल्लीत भाजी वर घ्यायला घरटी एक टोपली होती, सूनबाई.”

“मग माझा हात इतका घट्ट का धरलाय?”

“रोजा आहे.”

“नवऱ्याच्या बढतीसाठी केलं म्हणे मालिकेतल्या बाईनं.”

“खोटं आहे ते.”

“तुम्हाला काय ठाऊक?”

रांग पुढे सरकली. म्हातारी जागची हलली नाही.

“बढती कसली गं. तुझा नवरा तेव्हा पोलिसांच्या कोठडीत होता. टोपली खाली आली की तुझा पोरगा घरी येईल, म्हणाले. मी सोडली.”