तिखट काय असतं ते...

...आन् वरनं म्हणायचं काय, तर पानी नको! जेवताना पानी पिलं म्हंजी आमच्या पाथर्डी गावाची इज्जत जाती ना! तुमाला सांगते, आमच्या ह्यांना, जालिंदर नाव त्यांचं, जल्मभर एकच तोरा. कुनाच्या बी पंगतीला बसले की मिरची कराकरा चावनार, मिशीवर हात फिरवनार, "तिखट काय असतं ते आमाला इचारा!" डोळ्यात टिपूस न्हाई. आईच्या मौतीला आलं न्हाई, तर मिरचीनं काय येतंय?

आमची पंकजा रत्नागिरीकडं मास्तरीन, तिकडंच लगीन जमलं. तिचे सासरे दत्तारामभाऊ, लई गरीब माणूस. आमी पाव्हनं गेलो म्हनून खाडीत कंबरभर पान्यात उतरून तिसऱ्या काढल्या. तिसऱ्या म्हंजी शिंपल्या वो! मी माळकरीन, वरन-भात घेऊन बाजूला. ह्यांनी पयली वाटी पिली, वठावर बोट फिरवलं... "झिनझिन्या आल्या वठाला! इवाई, याला म्हंत्यात रस्सा!" आन् दत्तारामभाऊ, ज्यांना साधी फोडनी सोसत न्हाई, ते म्हनतात, "मलापण होतेय हो. सुनबाईनं मसाला जास्त घातलान काय?" पंकजा अजून जेवायची हुती, वाढता वाढता वरडती, "बाबा, दोनच मिरच्या टाकल्यात!" पर ऐकतंय कोन? "वाढ गं, वाढ! तिखट काय असतं ते आमाला इचारा!" आता पाव्हना ताटावर बसलाय म्हटल्यावर यजमान उठंल का? ह्यांची एक वाटी, त्यांची बी एक. ह्यांची अजून एक... त्यांची बी.

हात धुवायला उठले तर पाय कुठाय! भिंतीला धरून म्हंत्यात, "अगं, मी तरंगतोय बघ." जीभ जड. दारूचा तर थेंब न्हाई! आमच्याकडं पान लागलं, साप चावला, की मिरची चावायला देत्यात. तिखट लागली न्हाई तर इष चढलं समजायचं. मी पळत जाऊन मिरची आनली, घातली तोंडात. म्हंत्यात, "गोड हाय!" आता तुमीच सांगा, ह्या मानसाला मिरची कवा तिखट लागलीया? मला वाटलं, बरा हाय की म्हातारा! मग बघते तर दत्तारामभाऊ बी भिंतीला टेकलेले, म्हनून दुसरी त्यांना दिली. त्यांनी चावली... चावली... गप गिळली. ठसका न्हाई, पानी न्हाई मागितलं. नुसते माझ्याकडं बघत बसले. तवा मी वरडले, "पंकजा, गाडी बोलव!"

दवाखान्यात मी डाक्टरला इचारलं, इष घातलं तरी कुनी? "मावशी, कुणीच नाही. समुद्रात कधीकधी बारीक शेवाळ माजतं, शिंपल्या तेच खातात, विष त्यांच्यात साठतं. कितीही उकळा, जात नाही. चव नाही, वास नाही. उतारासुद्धा नाही, मशीन लावून श्वास चालू ठेवायचा, एवढंच." ह्यांना मशीन लागली, हे वाचले. दत्तारामभाऊ मशीनपतुर पोचलेच न्हाईत. गाडीत सगळं कळत हुतं वो त्यांना! पंकजानं हात धरला हुता, त्यांना धरता येत नव्हता.

आता हे घरी हायेत. चालत्यात, बोलत्यात. मी घरात ठेचा करायचा बंद केलाय. काल दूध-भाकरी कुस्करून दिली. एक घास खाल्ला आन् डोळ्यातनं घळाघळा पानी! मी बघितलं तर मान खाली घालून म्हंत्यात, "जरा तिखट झालंय गं."

दूध-भाकरी, बरं का!

मी म्हटलं, "व्हय. हात जास्त पडला माझा." आन् पान्याचा तांब्या फुडं सरकवला. पिले... सगळा.