खिडकीतला कप

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय आप्पासो, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, प्राध्यापक बंधुभगिनींनो, वडूजहून मुद्दाम आलेल्या केरबांच्या पत्नी पारूबाई, आणि ज्यांच्या घंटेवर आपण सगळे बासष्ट सालापासून आज शहात्तरपर्यंत उठलो-बसलो ते सत्कारमूर्ती, आपले शिपाई केरबा बनसोडे,

मला पाच मिनिटं दिली आहेत. माझा तास वेळेवर संपत नाही, हे केरबांइतकं कोणाला ठाऊक? टोल देऊन ते दारात उभे राहत, पूर्वी पलटणीत होते तसेच ताठ.

बी.ए.च्या वर्गाला मी एक ग्रीक शोकांतिका शिकवतो. त्यातली म्हातारी दासी म्हणते, ‘दूरचा धूर तुला दिसतो राजा, पायाखालचा विस्तव दिसत नाही.’ या एका वाक्यावर मी तीन तास घेत असे. राजा दुष्ट आहे का? नाही, न्यायी आहे. डोळे अधू आहेत का? उत्तम आहेत. मग दिसत का नाही? कारण ते रोजचंच झालेलं असतं. मुलं उतरवून घेत. केरबा बाहेर स्टुलावर बसून ऐकत.

एकाहत्तर साली तास संपल्यावर मी गमतीनं विचारलं, ‘काय केरबा, कळला का रे ग्रीक राजा?’ तेव्हा मी अरे-तुरे करत असे.

‘कळला की सर. आपल्या स्टाफरूममधी असलं अकरा राजं हायती. माझा कप खिडकीत हाय, त्यो एकाला बी दिसत न्हाई.’

मंडळी, आम्हा अकरा जणांचे कप आत खुंट्यांना टांगलेले. समोरच्या हॉटेलातून आकाराम किटली आणायचा. केरबांचा कप बाहेर खिडकीत; त्यात तो वरून ओतायचा. हे कोणी ठरवलं होतं? कोणीच नाही. आणि जातिभेदाविरुद्धच्या वक्तृत्व स्पर्धेचे परीक्षक आम्हीच!

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या थाटात त्यांना आत बोलावलं आणि माझ्या कपात चहा दिला. त्यांनी गहिवरून जावं, ही माझी अपेक्षा.

‘नगं सर. दुसऱ्याचा कप कशाला? पलटणीत माझा मग सगळ्यांच्या रांगंत असायचा. तसा हितं टांगा, बास.’

टांगायला गेलो, तर कपाला कानच नाही. शेवटी प्राचार्यांची कपबशी असते त्या फळीवर, तिला खेटून ठेवला. आमचे एक ज्येष्ठ सहकारी महिनाभर घरून थर्मास आणत होते. पुढे थर्मासचं बूच हरवलं आणि तेही रांगेत आले. ते समोर बसून हसताहेत, म्हणून नाव घेत नाही.

आता सगळं दिसतं, असं म्हणून मी खाली बसणार होतो. पण बोलता बोलता ध्यानात आलं, की तुम्ही बसला आहात त्या खुर्च्या सकाळी केरबांनी मांडल्या. स्वतःच्याच निरोपाच्या. मी शेजारी उभा राहून हे भाषण पाठ करत होतो.

तेव्हा अध्यक्ष महाराज, आज कपबशा आम्ही अकरा जण विसळू, खुर्च्याही आवरू. पारूबाई, तेवढं त्यांना उठू देऊ नका.

आपण निवांत ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. आणि केरबा, उद्यापासून दारात तुम्ही नसणार. मला न दिसलेलं आणखी काही उरलं असेल, तर ते आजच सांगून जा. चहा व्हायला अजून वेळ आहे.