दारावरून गेलेली शर्यत

सन्माननीय अध्यक्ष कमळाकरदादा, व्यासपीठावरील मान्यवर, आमच्या शाळेच्या मुली आणि सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवरून आलेल्या आयाबहिणींनो, सर्वांना माझा नमस्कार.

आज आपण मीनाला निरोप देतोय. उद्यापासून ती मुरबाडच्या कारखान्यात पाळीवर जाणार. आपल्या मंडळाने शर्यतीसाठी दिलेली सायकल पुढच्या मुलीसाठी तिने मघाशीच परत केली, पुसून, तेल घालून. ‘बाई, आनंदाने बोला,’ असं दादांनी बजावलंय. पण दादा, कसं बोलू?

शहापूर ते मुरबाड ही महिलांची सायकल शर्यत तीन टप्प्यांची. एकूण वेळेत पहिली येईल तिला पुण्यात राहून प्रशिक्षण. दोन टप्पे संपले तेव्हा आपली मीना सर्वांच्या पुढे होती. तानशाकडच्या चढावर तर मागच्या गाडीत बसून मलाच धाप लागली! शेवटचा टप्पा तिच्या पाड्यावरून जाणार होता. तिथे रस्त्यात तिची आई, मंगळीबाई, ताट घेऊन उभी. लेक दारावरून जाते आणि कपाळ कोरडं? आपल्यात चालतं का?

मीनाने ब्रेक दाबले. आईने पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि ओवाळताना वाऱ्याने दिवा विझला. पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. मी गाडीतून ओरडले, “मीना, निघ!”

“बाई, दिवा इझलाय. अशी कशी जाऊ?”

तेवढ्यात मागच्या पोरी सर्रकन निघून गेल्या. पहिला नंबर अर्ध्या मिनिटाने हुकला.

शर्यतीत थांबायचं नसतं, हे मंगळीबाईंना कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून त्यांचं एकच, “मीच पोरीचं वाटोळं केलं गो.” भाऊबीजेला त्यांचा भाऊ भगीरथ पाटावर बसला, तर ओवाळायचं ताट त्यांनी शेजारणीच्या हातात दिलं. झालं ते बऱ्यासाठी, असं मी म्हणणार नाही. बऱ्यासाठी झालेलं नाही. पुण्याला जायची पोर पाळीला जातेय, आणि मला फार वाईट वाटतंय.

काल मीनाला विचारलं, निरोपाला काय हवं? म्हणाली, “शाल नको, बाई. आयेच्या हातनं ववाळून घ्यायचंय. तवा अर्धंच रायलं.”

मंगळीबाई, खाली बघू नका. ताट तयार आहे.

आपण सगळे आलात, आपले आभार. बोलण्यात माझं काही चुकलं असेल तर पोटात घाला. चुकलेलं पोटात घालता येतं, हे त्या माउलीलाही आज दिसू दे.

आणि कुणीतरी ते पंखे बंद करा.