जास्तीची मात्रा

मृणालिनी : पुरे झालं हो! अर्धा तास लाद्या फोडताय. माझ्या कपातला चहा हिंदकळतोय.

हेमचंद्र : अगं, पाय आपटतच वाजवायचं असतं हे. क्वेबेकची पद्धतच आहे तशी. लुकचे आजोबा दोन्ही पायांनी ताल धरतात आणि वर व्हायोलिन.

मृणालिनी : ते खुर्चीत बसतात. तुम्ही मांडी घालून, व्हायोलिनचं टोक उजव्या पायावर टेकवून बसता, आणि डावा आपटता. मघाशी गज नाकात जायचा राहिला.

हेमचंद्र : सांगलीच्या मास्तरांनी जन्मात खुर्ची दाखवली नाही, त्याला मी काय करू? शुभ्रा-लुकच्या लग्नाला सोळा दिवस राहिलेत. त्यांच्याकडे प्रत्येक लग्नात आजोबा ही धून वाजवतात. यंदा म्हणाले, नवरीच्या बापानं साथ करायची. तिथे माझी फजिती झाली म्हणजे?

मृणालिनी : त्याआधी इथे अबुधाबीतच होईल. खालचे मॅकलीन आज वर येणार, लिहून ठेवा.

(दारावरची बेल वाजते. बऱ्याच वेळाने दार पुन्हा बंद होतं.)

मृणालिनी : भांडायला आलेला माणूस दोन कप चहा पिऊन, सहा चकल्या खाऊन गेला! आणि जाताना डोळे का पुसत होता? त्याचं इंग्रजी मला एक अक्षर कळत नाही.

हेमचंद्र : अ‍ॅबर्डीनचा आहे ना. म्हणे, ही धून त्याची आजी भांडी घासताना गुणगुणायची. अगदी अशीच.

मृणालिनी : स्कॉटलंडच्या आजीला कॅनडाची धून कुठून ठाऊक?

हेमचंद्र : मुळात तिकडूनच गेलेली! दोन-अडीचशे वर्षांपूर्वी त्यांचे सैनिक जहाजानं क्वेबेकला गेले. काहींनी फ्रेंच मुलींशी लग्नं केली, तिथेच राहिले. धूनही राहिली. नाव फ्रेंच झालं, पाय आपटणं आलं.

मृणालिनी : म्हणजे बदलली. मग ‘अगदी अशीच’ कशी?

हेमचंद्र : तीच तर गंमत आहे. आजोबांच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या ओळीत एक मात्रा जास्त येते. मला वाटलं, नव्वदीचा माणूस, चुकत असेल. काढून टाकली. आठ मात्रांच्या केरव्यात चोख बसवली.

मृणालिनी : व्याह्यांकडचं लग्नातलं वाजवणं दुरुस्त केलंत?

हेमचंद्र : केलं, आणि थेट मॅकलीनच्या आजीच्या मोरीत नेऊन ठेवलं.

मृणालिनी : घ्या, शुभ्राचा फोन. सांगा आता लेकीला.

शुभ्रा : हाय आई! बाबा, लुक विचारतोय, प्रॅक्टिस कशी चाललीय?

हेमचंद्र : बेटा, ती दुसऱ्या ओळीतली मात्रा... आजोबा मुद्दाम घेतात?

शुभ्रा : ऑफ कोर्स! तिथे नाचताना सगळे एक पाऊल जास्त टाकतात. व्हाय? बाबा, तुम्ही काढली नाही ना? लोक एकमेकांवर पडतील!

मृणालिनी : काढली. आणि खालच्या मजल्याला रडवलं. धून म्हणे त्यांची आहे, स्कॉटलंडची.

शुभ्रा : ओ नो. आजोबांना सांगू नका हं, प्लीज. ते म्हणतात, आमच्या पणजोबांची.

हेमचंद्र : दोघांचंही खरंच आहे.

मृणालिनी : ते राहू दे. तुझ्या खोलीचे पडदे धुतले, कपाटाला हात लावलेला नाही. दोन वर्षांनी अबुधाबीला बदली मिळाली की...

शुभ्रा : हो आई. बघू. इन्शाल्ला.

मृणालिनी : तुझं इन्शाल्ला मी ओळखते. खोली आवर म्हटलं की हेच म्हणायचीस.

शुभ्रा : आई... बाबा, वाजवा ना थोडं. लुक ऐकतोय.

हेमचंद्र : थांब, खुर्ची ओढतो.

मृणालिनी : खुर्ची? पन्नास वर्षांनी?

हेमचंद्र : शिकेन. मात्राही परत घालतो. मॅकलीनच्या आजीनं माफ करावं, पण धून जिथे नांदते तिथल्यासारखीच वाजवायची. आणि मृणाल...

मृणालिनी : काय?

हेमचंद्र : ते कपाट रिकामं कर. आपली शुभ्रा आता परत यायची नाही.