आमच्या घरातल्या दोन सुना

रेशनकार्डाचं काय झालं विचारता ना? ऐका मग. किनवटला, माहेरच्या कार्डावरून माझं नाव कमी झालं, आणि इकडे तेलंगणात, तामसीला, सासरच्या कार्डावर चढलंच नाही. महाराष्ट्र नाही, तेलंगणाही नाही, माझ्या वाट्याचा तांदूळ कुठेच नव्हता. शेवटी सर्वेवाल्या मॅडम घरी आल्या.

"बहू का नाम?"

"राधिका," सासूबाई म्हणाल्या. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहून त्यांनीच हे नाव ठेवलंय. मी आधार कार्ड पुढे केलं. त्यावर माहेरचं नाव, सुवर्णा.

"अच्छा, दो बहुएँ हैं."

"एकच हाय वो मॅडम."

"तो राधिका कौन?"

"हेच."

"और सुवर्णा?"

"तेबी हेच."

"दोनों का पति?"

"माहा पोरगा. एकुलता एक हाय!" सासूबाई कौतुकानं म्हणाल्या.

मॅडमनी माझ्या नवऱ्याकडे असं पाहिलं, की तो चहा ठेवून आत पळाला. मग माझ्या कानाशी लागून त्यांनी विचारलं, "आप पहली हैं या दूसरी?"

मी गोंधळले. दुसरी म्हटलं तर नाव राहून जाईल, या भीतीनं म्हटलं, "पहली."

"फिकर मत करो. सुवर्णा का नाम चढ़ाती हूँ. उस राधिका का नहीं चढ़ेगा."

"काय म्हनते मॅडम?" सासूबाईंनी विचारलं.

"राधिकाचं नाव नाही चढणार."

सासूबाई पदर खोचून उठल्या. "काऊन नाही? माह्या सुनेचं नाव काऊन नाही?"

त्या माझ्यासाठीच भांडत होत्या, आणि त्या हराव्यात म्हणून मी मनात हात जोडून उभी होते.