डावा हात पिशवीत

मतदानाच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून होत्या, दोघी कापड रंगवण्याच्या कारखान्यातल्या. सासूच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टिकची पिशवी बांधलेली.

"आई, आता तरी काढा. लोकांना वाटतंय हात मोडलाय."

"वाटू दे. गेल्या वेळी आतला साहेब माझं निळं बोट बघून म्हणाला, तुम्ही मत देऊन आलात, घरी जा. किती घासलं, रंग निघतोय कुठे! म्हणून आठ दिवस हा हात रंगाच्या हौदात घातला नाही."

"आणि तुमचं काम करून माझे दोन्ही हिरवे झाले!"

"हिरवे चालतात. शाई हिरवी नसते."

(रांग दोन पावलं पुढे.)

"मत कुणाला, ते तरी सांगा."

"माझ्या आईनं पहिलं मत दिलं, तेव्हा मी तिच्या कडेवर होते. बाबा मरेपर्यंत विचारत राहिले. तिनं नाही सांगितलं."

"माझ्या कानात सांगा!"

"तुझ्या कानातून माझ्या पोराच्या कानात. गप उभी राहा."

(सासू पिशवी सुनेकडे देऊन आत. सून दारातच. सासू बाहेर, बोट नाचवतेय.)

"साहेब काही बोलले?"

"साहेब कुठला, बाई होती! म्हणाली, आजी, बोट किती स्वच्छ तुमचं!"

"झालं ना मनासारखं? आता उद्यापासून दोन्ही हात हौदात. ही पिशवी देते टाकून."

"टाकतेस काय! बांध परत. ह्या रंगावर आपला रंग चढता कामा नये."